झाडाखालची कंकणं

आई-बाबांनो,

२१ मे २०३१ ही तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा. त्या दिवशी केरळ आणि तामिळनाडूच्या काही भागातून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसणार आहे. आज पहिली-दुसरीत असलेलं मूल तेव्हा सातवी-आठवीत असेल, शाळेला उन्हाळ्याची सुटी असेल. इतक्या आधीपासून सांगतेय, कारण जागा निवडताना आम्ही एकदा चुकलो होतो आणि हिरमुसली होती ती आमची लेक.

२६ डिसेंबर २०१९ची गोष्ट. सकाळी साडेनऊच्या सुमारास उत्तर केरळातून कंकण दिसणार होतं. आम्ही वायनाड निवडलं. नाताळची सुटी, थंड हवा, चहाचे मळे. सगळ्यांना आवडेल असं ठिकाण. लेक सात वर्षांची होती. ग्रहणाचा चष्मा गळ्यात अडकवून ती पहाटेपासून अंगणात उभी होती. डोंगरावरचं धुकं काही हटेना, वर ढगही दाटले. गाडी आम्ही दहाला बोलावली होती, त्यामुळे जागचं हलताही येईना. हळूहळू उजेड मंदावला, पुन्हा वाढला. "आई, झालं का गं?" तिनं विचारलं. झालं होतं. संध्याकाळी कळलं, खाली किनारपट्टीवर, कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवत्तूरला लोकांनी कंकण डोळे भरून पाहिलं. आम्ही सहलीची जागा निवडली होती, ग्रहणाची नाही.

म्हणून पहिलं सांगणं असं, की मुलांना नकाशासमोर बसवा. चंद्र पृथ्वीपासून लांब असताना सूर्याच्या मानाने किंचित लहान दिसतो. तो सूर्याच्या बरोबर समोर आला तरी त्याला पूर्ण झाकू शकत नाही. कडेनं तेजाचं कडं उरतं. हे कडं एका अरुंद पट्ट्यातूनच दिसतं. २०१९ला तो आपल्याकडे साधारण सव्वाशे किलोमीटरच रुंद होता. पट्ट्याबाहेर सूर्य कितीही झाकला गेला, तरी दिसते ती कोरच, कंकण नाही. पट्ट्याच्या मध्यरेषेवर कंकण सगळीकडून सारखं आणि जास्त वेळ दिसतं, कडेला एका बाजूनं जाड आणि क्षणभरच. २०३१ला कोची, अलप्पुळा, तेनी, मदुराई, कारैकुडी ही गावं पट्ट्यात आहेत आणि मध्यरेषेजवळ कंकण सुमारे पाच मिनिटं टिकेल.

दुसरा प्रश्न आभाळाचा, आणि इथे मुलांचा भूगोल कामी येतो. मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला पोचतो, पण २०२५ मध्ये तो २४ मेलाच आला होता. म्हणजे २१ मेला कोचीचं आभाळ मोकळं असेलच असं नाही. आपल्याकडे महाबळेश्वरला पाऊस कोसळत असतो तेव्हा माण-खटाव कोरडे असतात, हे मुलांना ठाऊक असतं. तोच सह्याद्री खाली केरळपर्यंत गेलाय. मग मुलंच सांगतील, की घाटाच्या पूर्वेला, तेनी-मदुराईकडे पाहायला हवं. खात्री तिथेही नाही. २२ जुलै २००९च्या खग्रास ग्रहणाला बिहारमधल्या तारेगनाची शिफारस जाणकारांनीच केली होती, तरी त्या पहाटे तिथे ढगच होते. ढगांपुढे कुणाचं काही चालत नाही, हेही मुलांना आपल्याच तोंडून कळू दे.

म्हणूनच तिसरं: एक जागा ठरवू नका, दोन ठरवा, आणि मध्ये रस्ता हवा. आदल्या रात्री उपग्रहाची चित्रं पाहून पहाटे निघता येईल असं वाहन हाताशी ठेवा. निसर्गरम्य मुक्कामापेक्षा या एका सोयीवर पैसे खर्च करा.

आता खास मुलांसाठीचं. २०३१चं कंकण दुपारी एकच्या सुमारास, सूर्य जवळजवळ डोक्यावर असताना दिसेल. मे महिन्यातलं मदुराईचं ऊन आणि तीन-साडेतीन तासांचं ग्रहण. उघड्या माळावर मूल तासाभरात रडकुंडीला येईल. म्हणून झाड असलेली जागा शोधा. चिंच, कडुनिंब, काहीही चालेल. पाणी आणि स्वच्छतागृह जवळ हवं. झाड फक्त सावलीसाठी नव्हे. पानांमधल्या प्रत्येक फटीतून सूर्याचं चित्र जमिनीवर पडतं. एरवी ते गोल कवडसे असतात. कंकणाच्या वेळी त्या प्रत्येकाचं कंकण होतं. सतरंजीवर, आजीच्या पदरावर, मुलाच्या तळहातावर कंकणंच कंकणं. स्वयंपाकघरातली मोठ्या भोकांची चाळण उन्हात धरली तरी हेच दिसेल. आकाशाकडे मान वर न करणारं धाकटं भावंडही यात रमतं.

वर पाहायचं तर फक्त खात्रीच्या ठिकाणचा, चरे न पडलेला ग्रहण-चष्मा लावून. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, यांतलं काही नको. खग्रास ग्रहणात पूर्ण झाकलेल्या सूर्याकडे क्षणभर नुसत्या डोळ्यांनी पाहता येतं. कंकणाकृतीत तसा एकही क्षण नसतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे डोळा भाजतोय हे मुलाला समजणारच नाही. एक मोठं माणूस केवळ मुलांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायला नेमा.

घरात कुणी वेध पाळत असेल तर मुलांसमोर वाद नको. आजीलाही सोबत न्या, झाडाखाली बसवा. शंका असतील तर मुंबईचं खगोल मंडळ, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था अशा संस्थांतली जाणती माणसं वर्षानुवर्षं ग्रहणं पाहत आली आहेत. त्यांना मुलांनाच विचारू द्या.

वायनाडहून परतताना मी लेकीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी ठरवू?" तेव्हापासून तिच्या भिंतीवर दक्षिण भारताचा नकाशा आहे. तेनीभोवती पेन्सिलीचं वर्तुळ आहे, कारैकुडीभोवती दुसरं, आणि दोन्हींमधला रस्ता लाल शाईनं काढलेला. २०३१ला ती एकोणीस वर्षांची असेल. त्या दिवशी गाडी तीच चालवणार आहे.