रॅम निर्दोष होती

कारखान्यांत बसवलेले आमचे गेटवे अधूनमधून हँग व्हायचे. जागेवर जाणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरला रॅम तपासता यावी म्हणून बूट मेनूत मेमटेस्ट८६+ दिलेलं होतं. तो ते निवडायचा, टेस्ट सुरू व्हायची आणि बोर्ड मध्येच रीस्टार्ट व्हायचा. रॅम गेली, असं ठरायचं. नवी रॅम घातली तरी तेच, मग मदरबोर्डवर संशय. धडधाकट रॅम परतीच्या खोक्यात जमत राहिल्या.

बोर्ड टेबलावर घेऊन फोनमधलं स्टॉपवॉच लावलं, तेव्हा उलगडा झाला. रीस्टार्ट दर वेळी ठरावीक सेकंदालाच होत होता. खराब रॅम अशी वेळ पाळत नाही, वॉचडॉग टायमर पाळतो: ठरलेल्या वेळेत कोणी त्याला रीसेट केलं नाही तर तो बोर्ड रीस्टार्ट करतो. बायोस तो सुरू करून देत होता आणि एरवी लिनक्समधला डीमन त्याला वेळच्या वेळी रीसेट करायचा. मेमटेस्ट चालताना लिनक्स नसतंच, मग रीसेट कोण करणार? म्हणून एम्बेडेड बोर्डासाठी मेमटेस्ट पॅकेज करणाऱ्याने सगळ्यात आधी वॉचडॉगची चौकशी करावी. टेस्टपुरता तो बंद ठेवायची सोय बायोसमध्ये किंवा बूटलोडरमध्ये हवीच.

दुसरा धोका बिल्डमध्ये असतो. डिस्ट्रोच्या बिल्ड सिस्टिमला प्रत्येक पॅकेजवर तेच फ्लॅग लावायची सवय असते: स्टॅक प्रोटेक्टर, एलटीओ, शेवटी स्ट्रिप. मेमटेस्टखाली ऑपरेटिंग सिस्टिम नसते, सी लायब्ररी नसते, आणि स्वतः बसलेली जागा तपासण्यासाठी ते मेमरीत स्वतःलाच हलवतं. स्टॅक प्रोटेक्टर लावला की लिंकर हरवलेल्या फंक्शनची तक्रार करतो. तिथे बिल्ड अडतं ते बरंच आहे. एखादं रिकामं फंक्शन जोडून ते पुढे रेटू नका. मूळ मेकफाइलचे फ्लॅग जसेच्या तसे राहू द्या.

आवृत्तीही बघून घ्या. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये मेमटेस्ट८६ लिहिलं आणि २००४ पासून सॅम्युएल डेमेउलेमीस्टर यांनी 'प्लस' शाखा चालवली. मार्टिन व्हिटेकर यांच्या पीसीमेमटेस्टवर उभी असलेली ६.०० आवृत्ती २०२२ मध्ये आली, तेव्हा कुठे प्लसला यूईएफआय मिळालं. बोर्ड फक्त यूईएफआयवर बूट होणारा असेल, तर जुनी ५.०१ पॅकेज करून उपयोग नाही. आयसोलिनक्स वापरत असाल तर फाइलच्या नावातलं 'बिन' हे एक्स्टेन्शन काढा, नाहीतर तो तिला सीडीचा बूट सेक्टर समजतो. एआरएम बोर्डावर प्लस चालतच नाही. तिथे यू-बूटमधली एमटेस्ट कमांड किंवा कर्नलचा मेमटेस्ट पॅरामीटर वापरावा.

बऱ्याच बोर्डांना डिस्प्ले नसतो. पीसी इंजिन्सच्या एपीयू२ बोर्डाला व्हिडिओ आउटपुट नव्हतंच. त्याच्या कोअरबूट फर्मवेअरमध्येच मेमटेस्ट असायचं आणि ते सीरियल पोर्टवर दिसायचं. तुमच्या बूट नोंदीतही सीरियल कन्सोल आणि बॉड रेट लिहा, बहुधा ११५२००. नाहीतर टेस्ट व्यवस्थित चालू असते आणि समोरच्याला वाटतं बोर्ड मेला.

माझा सगळ्यात जास्त आग्रह मात्र यापुढच्या गोष्टीचा आहे. टेस्ट पास झाली म्हणजे पॅकेज बरोबर, असं धरू नका. चुका दिसत नाहीत ते रॅम चांगली आहे म्हणून, की टूल आंधळं आहे म्हणून? क्यूईएमयूमध्ये तुमची तीच बायनरी चालवा, जीडीबी जोडा आणि टेस्ट चालू असताना तपासणीखालच्या भागातला एक बाइट हाताने बदला. स्क्रीनवर त्या पत्त्याची एरर उमटायला हवी. ती पाहून हे टूल रॅम खरंच वाचतंय याची माझी खात्री पटली. यानंतर खऱ्या बोर्डावर, बंद केसमध्ये, चालू असताना जितकी उष्णता असते तितक्याच उष्णतेत रात्रभर चालवा. टेबलावर गार पडलेल्या बोर्डात न दिसणारे दोष तिथे दिसू शकतात. बोर्डाला ईसीसी असेल तर दुरुस्त झालेल्या चुका टेस्टमध्ये दिसतीलच असं नाही, त्यामुळे लिनक्समधल्या ईडॅकचे आकडेही बघा.

आणि पॅकेजसोबत एक पान द्या: वॉचडॉग कुठून बंद करायचा, सीरियलची केबल कुठे लावायची, किती पास होईपर्यंत थांबायचं. शॉप फ्लोअरवर एकट्याने उभ्या असलेल्या सर्व्हिस इंजिनिअरला हे विचारायला जवळ कोणी नसतं. ते पान मराठीत, हिंदीत, त्याला वाचता येईल त्या भाषेत द्या.