विमानतळावरील जाहिरात : प्रवासी पाहतो का?

विमानतळावर लाखो प्रवासी येतात, म्हणजे तिथला फलक लाखो लोक वाचतात, असा हिशेब अनेक व्यापारी बंधू मांडतात. हा हिशेब कच्चा आहे. २०१४ मध्ये दुबई विमानतळाने आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या संख्येत लंडनच्या हीथ्रोला मागे टाकले. पण गर्दी म्हणजे लक्ष नव्हे.

पासपोर्ट दाखवताना प्रवाशाची नजर कागदपत्रांवर आणि घड्याळावर असते. तिथे मोठा फलकही वाया जाऊ शकतो. तपासणी आटोपली की जीव निवांत होतो; मात्र आता लगेच मोबाईल हाती येतो. सामानाच्या पट्ट्यापाशी गोष्ट वेगळी. तिथे थांबणे भाग असते आणि सर्वांची तोंडे पट्ट्याकडे असतात. फलक दिसण्याची शक्यता अशा जागी अधिक.

माल पाहूनही जागा ठरवावी. हॉटेल व टॅक्सी उतरणाऱ्याला हवी, निघालेल्याला नको. मजकूर मोजका, अक्षर ठळक असावे.

फलकावर दुकानाच्या नेहमीच्या नंबराऐवजी वेगळा फोन नंबर द्यावा. त्यावर किती फोन आले, त्यातून किती सौदे झाले, हे महिनाभर वहीत लिहावे. भाडे वसूल होते की नाही, हे ती वहीच सांगेल; मोठ्या करारावर सही त्यानंतरच करावी.