नेम आणि प्रेम

पुसद येथे प्रवचन आटोपल्यावर एका माळकरी गृहस्थाने आम्हांस विचारले, "महाराज, पुष्कळ वर्षे माझ्यासंगे दिंडीत चाललेला सोबती आता अंथरुणाला खिळला आहे. त्याला जवळचं कुणी नाही. रोज जातो, तोंड धुवून देतो, चार घास भरवतो. पण कधीकधी पाय जड होतात हो! मग हे प्रेम म्हणावं, की नुसतं कर्तव्य?"

मंडळी, प्रश्न मोलाचा आहे. निमित्त आहे तोवर टिकते ते सोपाधिक प्रेम. निमित्त सरल्यावरही उरते ते निरुपाधिक. सोबती टाळ धरीत होता, गोष्टी सांगत होता, तोवर स्नेहाला निमित्त होते. आता त्याच्यापाशी देण्यासारखे काय उरले? म्हणूनच खरी पारख आता आहे.

संतांचेच पाहा. इ. स. 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली व चोखोबा तिच्याखाली गेले. परंपरा सांगते, नामदेवराय तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून वेचल्या, आणि पंढरीस आणून महाद्वारापाशी समाधी दिली. मेलेला मित्र परतफेड काय करणार? तो 'उपकार झाले' एवढेही म्हणत नाही. कर्तव्याचा हिशेब तिथे संपतो. नामदेवराय मात्र थांबले नाहीत.

पण म्हणून कर्तव्य हलके, असे समजू नका. आपण वारी करतो ती दरसाल डोळ्यांत पाणी येते म्हणून का? एखादे वर्षी मन कोरडेच असते. तरी आषाढी आली की पाय निघतात, कारण नेम आहे. उन्हाळ्यात पूस नदीची धार रोडावते म्हणून कोणी पात्र बुजवून टाकत नाही. पाऊस आला की पाणी त्याच पात्राने वाहते. नेम हे पात्र, प्रेम हे पाणी. पाय जड असतानाही जो उंबरठा ओलांडतो, त्याने प्रेमाची वाट मोकळी ठेवली.

एकच जपावे. 'मी एवढं करतो' हे तोंडावर आले की सेवेचे सावकारी कर्ज होते आणि घास गिळणाऱ्याला तो कडू लागतो. त्याला विचारा, "गड्या, आज हरिपाठ तू सांग, मी मागून म्हणतो." परावलंबी माणसालाही काही देता आले पाहिजे.

आणि ओझे एकट्याने का वाहावे? सप्ताहात वीणा अहोरात्र उभी असते. पण विणेकरी एकच नसतो. पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, पाया पडतो नि विसावा घेतो. त्याची भक्ती कमी झाली, असे कोणी म्हणत नाही. दिंडीतल्या चौघांनी असाच पहारा वाटून घ्यावा. वीणा खाली ठेवू नये, एवढेच.

रामकृष्णहरि.