कलौंजीचे तेल आणि जाहिरातीतील हदीस

कलौंजीत मृत्यूखेरीज प्रत्येक आजारावर शिफा आहे, या आशयाची हदीस ‘सहीह बुखारी’त आहे. तीच छापून तेलाच्या कॅप्सूल विकणारे मधुमेह मुळापासून जाईल असे सांगतात. इमाम खत्ताबी (रह.) यांच्या मते मात्र तिचे शब्द व्यापक असले, तरी अभिप्रेत अर्थ विशिष्ट आजारांपुरताच आहे. इन्सुलिन सोडा, असे तर तीत कुठेच नाही! मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४च्या कायद्यानेही निषिद्ध आहे.

प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली, भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. पूरक आहाराच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ बंधनकारक असते. घरात अशी डबी असल्यास ती ओळ शोधावी, आणि डॉक्टरांना विचारल्याविना चालू औषध थांबवू नये.