भोपाळ ते मुंबई : विमानाचे अंतर आणि घरचा वेळ



घरी तातडीचा निरोप येतो, "लवकर निघा." मग चर्चा सुरू होते, विमान की रेल्वे? अशा वेळी भूगोल व गणित किती उपयोगी पडतात, ते या पाठात पाहू.

प्रथम अंतर काढू. राजा भोज विमानतळ सुमारे २३.२९ उत्तर अक्षांश व ७७.३४ पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा विमानतळ १९.०९ व ७२.८७ वर आहे. अक्षांशांतील फरक ४.२० अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी., म्हणून दक्षिणेकडे ४६६ कि.मी. रेखांशांतील फरक ४.४७ अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्या भागात, २१ अक्षांशाजवळ, एक अंश सुमारे १०४ कि.मी.च भरतो. म्हणजे पश्चिमेकडे ४६५ कि.मी.

या दोन बाजू काटकोन त्रिकोणाच्या समजा. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण येतो सुमारे ६५८ कि.मी. हेच हवाई अंतर. रेल्वे मात्र इटारसी, भुसावळमार्गे वळून जाते, म्हणून तिचे अंतर सुमारे ८३७ कि.मी. होते.

आता वेळ. ताशी ८०० कि.मी. वेगाने ६५८ कि.मी.ला ४९ मिनिटे लागतात. मग वेळापत्रकात सुमारे दीड तास का? कारण विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरतात. चढताना व उतरताना वेग कमी असतो. मुंबईला गर्दी असली तर आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात.

पण आपला प्रवास घरापासून घरापर्यंत असतो. विमानतळापर्यंत पाऊण तास, तेथे दोन तास आधी हजेरी, उड्डाणाचा दीड तास, सामान घेण्यास अर्धा तास, मुंबईच्या रस्त्यावर सव्वा तास. बेरीज सहा तास! रेल्वेला तेरा-चौदा तास लागतात, म्हणून मुंबईसाठी विमान बरे.

परंतु आजी भुसावळला असेल तर? मुंबईला उतरून पुन्हा सुमारे ४४० कि.मी. रेल्वेने मागे यावे लागेल. भोपाळहून भुसावळ रेल्वेने सुमारे ३९५ कि.मी., म्हणजे सहा-सात तासच. येथे रेल्वेच आधी पोहोचवते. विमान वेगवान म्हणून प्रवास लवकर होईलच, असे नाही.

संकटाच्या वेळी मोठी माणसे गडबडून जातात. तेव्हा कागद-पेन घेऊन शांतपणे हिशेब मांडणारा मुलगा किंवा मुलगी घराचा मोठा आधार असतो. आमच्या मते गणित शिकण्याचे हेही एक प्रयोजन आहे.

स्वाध्याय : दिल्लीचा विमानतळ २८.५६ उत्तर व ७७.१० पूर्व येथे आहे. रेखांश जवळजवळ आपलाच! भोपाळ-दिल्ली हवाई अंतर काढा. उत्तर सुमारे ५८५ कि.मी. आले पाहिजे. नंतर आपल्या घरापासून दिल्लीतील एखाद्या नातलगाच्या घरापर्यंतचा पूर्ण वेळ आई-वडिलांच्या मदतीने मांडा.