पोच

पोटात लेकरू आहे हे आमच्याकडं आधी गल्लीला कळतं, मग ऑफिसला. साहेबांना तर कुणी सांगतच नाही, त्यांना आपोआप कळतं. माझं नेमकं इथंच चुकलं.

मी नरसीहून नायगावला ऑटोनं ये-जा करायचे. एका कार्यालयात एजन्सीमार्फत कॉम्प्युटरवर बसायचे. ऑर्डर एका वर्षाची, ३१ मार्चला संपायची. त्या साली दिवाळीनंतरच कुजबुज सुरू झाली होती, की पुढच्या ऑर्डरीत दोन माणसं कमी होणार. त्यात मला दिवस गेलेले. सासूबाई म्हणाल्या, "तीन महिने तोंडातून काढू नको माय, नजर लागती." तीन महिने सरले तरी मी गप्पच. आता नजरेची नाही, ऑर्डरीची भीती. ओढणी जरा सैल घ्यायची, डबा एकटीनं खायचा, मळमळलं की प्रिंटरचा कागद आणायच्या निमित्तानं उठायचं.

डिसेंबरात शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "काय गं, चिंचा खायलीस की काय?" मी हसले. झालं, तेवढंच माझं सांगणं. जानेवारीत साहेबांनी माझं बाहेरगावचं काम काढून घेतलं, म्हणाले, "मॅडम, आता जपा स्वतःला." मला बरं वाटलं. वाटलं, यांना माहीत आहे, काळजीही आहे, आता वेगळं काय सांगायचं?

डॉक्टरांनी तारीख दिली होती २५ मे. मनात हिशेब पक्का होता : १ एप्रिलला नवी ऑर्डर हातात घ्यायची आणि मगच रजेचा अर्ज द्यायचा. ऑर्डर आली नाही. एजन्सीत गेले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तुम्ही तर कधी कळवलंच नाही. कागद असला तर दाखवा." कागद एकच होता, आशाताईंनी भरून दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावर नोंदणीची तारीख होती, पण ते माझ्या पर्समध्ये. ऑफिसात त्याची झेरॉक्ससुद्धा नव्हती. साहेबांना विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला अधिकृत काहीच माहीत नव्हतं." अधिकृत हा शब्द मी त्या दिवशी शिकले.

कायदा नंतर समजून घेतला. जिथं १० किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथं १९६१ चा प्रसूती लाभ कायदा लागू व्हायचा. तोच आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातला आहे. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलं, की पगारी रजेचा हक्क लागतो. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन लेकरांसाठी ही रजा २६ आठवड्यांची आहे आणि त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. २५ मेपासून ८ आठवडे मागं मोजा : ३० मार्च. माझी ऑर्डर जिवंत असतानाच माझी रजा सुरू होऊ शकत होती, दोन दिवस का होईना.

त्या दोन दिवसांची किंमत काय, ते दिल्लीच्या डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात कळतं. त्याही कंत्राटावर. रजा मागितली १ जून २०१७ पासून, कंत्राट संपत होतं ११ जूनला. हातात रजा पडली ११ दिवसांची. त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कोर्टानं सांगितलं, की हक्क एकदा लागला की कंत्राट संपलं म्हणून लाभ तुटत नाही, पूर्ण २६ आठवड्यांचा द्यावा लागतो. नवी ऑर्डर द्याच, असं मात्र हा निकाल सांगत नाही. त्या आशेवर राहू नका.

म्हणून कुणी विचारलं, "आधी ऑर्डर घेऊ का आधी सांगू?" तर मी तारखा विचारते. ऑर्डर पंधरा दिवसांवर आहे, तिसराच महिना चालू आहे, तब्येत ठणठणीत आहे, तर थांबलीस म्हणून मी नावं ठेवणार नाही. पोटाची काळजी सगळ्यांनाच असते. पण रजेची तारीख ऑर्डरीच्या आत येत असेल, तर एक दिवसही थांबू नका. साध्या कागदावर लिहा : अपेक्षित तारीख, रजा कधीपासून, सोबत कार्डाची झेरॉक्स. एजन्सी असेल तर एक अर्ज तिकडं, एक ऑफिसात. हातात घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. पगारातून ईएसआय कापत असतील तर रजेचे पैसे तिकडून मिळतात, तेव्हा पगाराची स्लिपही काढून ठेवा. एवढं करूनही कुणी नाकारलं, तर कामगार कार्यालयात हेच कागद मागतात. आणि मैत्रिणीला सांगायचंच असेल तर अर्ज दिल्यावर सांगा, पेढ्यासकट.

आता मी दुसरीकडं कामाला आहे, तिथंही ऑर्डर वर्षाचीच. गेल्या महिन्यात तिथली एक पोरगी जिन्यात थांबवून म्हणाली, "ताई, साहेबांना सांगितलंय मी. हो म्हणलेत."

"पोच घेतलीस?"

तिला कळलंच नाही. तिला घेऊन आवक-जावकच्या टेबलाशी गेले. अर्जाच्या दोन प्रती होत्या. टेबलावरच्या दादांनी शिक्का मारला, पण पॅड वाळलेलं, तारखेतला नुसता महिना उठला. पोरगी कागद घडी करून निघालीसुद्धा.

"थांब गं," म्हणलं. "दादा, शाई घाला आणि पुन्हा मारा."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, ड्रॉवरमधून शाईची बाटली काढली.