खाडा नावाचा क्लास

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा पेपर आपण सगळेच देतो. व्हायवाला ‘पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय’ विचारलं की पाठ केलेलं एक वाक्य म्हणून मोकळे होतो. जर्नलमध्ये प्राणी, कुत्रा, मांजर असे क्लास असतात. कुत्रा भुंकतो, मांजर म्यॅव करते आणि सही मिळते. पण यातून हाताला सवय लागत नाही, कारण कुत्रा चुकीचा भुंकला तरी कुणाचं काही बिघडत नाही. सरावाला असं काहीतरी घ्यावं की ज्याचं उत्तर चुकलं तर रात्री कुणीतरी येऊन रूमचं दार वाजवेल. हॉस्टेलमध्ये अशी गोष्ट एकच, मेसचं बिल.

सरावासाठी नियम असा धरू. दिवसाचा दर ९० रुपये. सलग ३ किंवा जास्त दिवसांचा खाडा आधी कळवला तर तेवढ्या दिवसांचे पैसे माफ. दोन दिवस गावाला गेलात तर काही मिळणार नाही.

बहुतेक जण सगळं ‘मेन’ मध्येच लिहून टाकतात. मुलाचं नाव, तारखा, वजाबाकी, गुणाकार, प्रिंट, सगळं एकाच पातेल्यात. चालतंही. पण मग खाड्याचा नियम कुठे आहे हे शोधायला अख्खा प्रोग्रॅम वाचावा लागतो. त्यापेक्षा खाडा हाच एक क्लास करा. त्याच्याकडे दोनच गोष्टी, पहिला दिवस आणि शेवटचा दिवस. आणि तो एका प्रश्नाचं उत्तर देतो, ‘तू किती दिवसांचा?’ बिलाने तारखांत हात घालायचा नाही, खाड्याला विचारायचं. पुस्तकात ज्याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते एवढंच आहे.

मी कॉन्व्हेंटवाला असल्याने क्लासचं नाव आधी इंग्रजीत ‘ॲबसेन्स’ सुचलं होतं. पण लेक्चरला दांडी मारली तरी ॲबसेन्सच होते. खाडा म्हटलं की मेस, कळवणं आणि पैसे हे सगळं एका शब्दात येतं. म्हणून ‘खाडा’ च ठेवलं, रोमन अक्षरांत लिहून. माणसं जो शब्द वापरतात तोच क्लासला द्यावा, असं माझं मत आहे. तसंही ही ऑब्जेक्टची कल्पना अशाच कामातून आली. नॉर्वेमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा केली, ती खऱ्या जगातल्या रांगा आणि कामकाज संगणकावर उतरवून बघायला.

आता टेस्टिंग. जावात जेयुनिट, पायथनमध्ये पायटेस्ट, काहीही घ्या. कोड लिहिण्याआधी कागदावर उत्तर काढायचं आणि ते टेस्टमध्ये लिहायचं. १३ तारखेपासून १५ पर्यंत खाडा, किती दिवस? बोटांवर मोजा: १३, १४, १५. तीन. पण कॉम्प्युटरला १५ उणे १३ सांगितलं तर तो २ म्हणतो. म्हणजे नियमात बसणाऱ्या पोराचे २७० रुपये गेले, तेही एका ‘अधिक १’ पायी! टेस्ट नेहमी अशा काठावर लिहावी. २ दिवस, ३ दिवस, ४ दिवस. दहा दिवसांच्या खाड्याला ‘माफी मिळणार का’ एवढंच विचारणारी टेस्ट लिहून काही सापडत नाही, तिथे एखादा दिवस इकडे-तिकडे झाला तरी माफी मिळतेच.

टेस्ट पहिल्यांदा चालवाल तेव्हा ती लाल झालेली बघा. सगळं हिरवंच येत असेल तर मुद्दाम कोड मोडून बघा. तरीही हिरवी राहणारी टेस्ट काही तपासतच नाही.

सगळ्यात मजा आली ती महिना बदलताना. खाडा ३० जून ते २ जुलै. सलग तीन दिवस आहेत. पण बिल महिन्याचं निघतं, आणि जूनच्या बिलाला त्यात १ दिवस दिसतो, जुलैच्या बिलाला २. दोघंही म्हणणार, ‘तीन नाहीत, माफी नाही.’ नोटीस बोर्डावर लावलेल्या नियमात याबद्दल एक अक्षर नाही. टेस्टमध्ये उत्तर काय लिहायचं हेच ठरेना, म्हणून मेस सेक्रेटरीला जाऊन विचारलं. तो म्हणाला, ‘सलग म्हणजे सलग. कॅलेंडरचं पान उलटलं म्हणून तो जेवायला आला होता का?’ प्रश्न मिटला. टेस्टिंगचा हा फायदा पुस्तकात फारसा कुणी सांगत नाही. कोड बाजूलाच राहतो आणि आधी नियमातलं भोक दिसतं.

मग खाड्याला दुसरा प्रश्न शिकवावा लागतो, ‘तुझ्यातले या महिन्यात किती?’ माफी मिळणार का हे एकूण दिवसांवर, किती मिळणार हे त्या महिन्यातल्या दिवसांवर. जूनचं बिल ३० गुणिले ९०, म्हणजे २७००, त्यातून ९० वजा, २६१०. जुलैचं ३१ गुणिले ९०, म्हणजे २७९०, त्यातून १८० वजा, तेही २६१०! दोन्ही आकडे सारखे आले की टेस्ट कुचकामी. प्रोग्रॅमने जुलैऐवजी जूनचं बिल दिलं तरी ती पासच होणार. तारीख ३ जुलैपर्यंत वाढवा. मग जुलै २५२० येतं आणि फरक कळतो.

इनहेरिटन्सबद्दल थोडक्यात. धड्यात आहे म्हणून ते वापरायलाच हवं असं नाही. एखाद्याचा भाऊ दोन दिवस जेवून गेला, तर ‘पाहुणा’ हा ‘विद्यार्थी’ चा सबक्लास करावासा वाटतो. पण मग पाहुण्यालाही खाडा टाकता येतो! तो वेगळाच क्लास बरा. आणि पैसे दशांशात ठेवू नका. जावात डबलमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. पैसे पूर्णांकात, पैशांतच मोजा. प्रिंट करताना रुपये करा.

राहिलं गिट. पेनड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनल खरं’ असे फोल्डर कुणाकडे नाहीत? लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. ते पूर्ण आपल्या मशीनवर चालतं. वाय-फाय बंद असलं तरी कमिट अडत नाही. एक टेस्ट हिरवी झाली की एक कमिट. मेसेजमध्ये ‘बदल केले’ लिहू नका, बदल झाले ते गिटला दिसतंच. का केले ते लिहा: ‘महिना ओलांडणाऱ्या खाड्याला माफी’. छोट्या कमिटचा उपयोग कळतो तो काही बिघडल्यावर. गिट बायसेक्ट मधली कमिट काढून देतं, तुम्ही टेस्ट चालवून बरं-वाईट सांगायचं, ते उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करतं. ६४ कमिट असतील तरी साधारण ६ वेळात गुन्हेगार सापडतो.

रूम पार्टनरबरोबर वेगवेगळ्या ब्रँचवर काम करा आणि मुद्दाम एकच ओळ दोघांनी बदला. मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट येईलच. तो आता, शांतपणे सोडवून बघा, सबमिशनच्या आदल्या रात्री नको. एक काळजी मात्र घ्या. मुलांच्या नावांची आणि फोन नंबरांची खरी यादी कमिट करू नका. नंतर फाइल डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच.

आता तुमच्यासाठी पुढची पायरी. ३० दिवसांचा महिना, १५ तारखेपर्यंत दर ९०, १६ पासून १००. खाडा १४ ते १७. बिल २४७० यायला हवं. आधी टेस्ट लिहा, लाल बघा, आणि मग ‘दर’ हा नुसता आकडा ठेवायचा की त्याचाही क्लास करायचा, ते पार्टनरशी भांडून ठरवा.